पत्ते वाटणारा एकच हवा

मागच्या अंकात वायफायबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आणि ईमेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांची तक्रार तीच, आपल्याकडे पाण्याची असते ना तशी, पुढच्या खोलीत धो धो आणि मागच्या खोलीत करंगळीएवढी धार. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सहा पत्रं निवडलीत, पहिलं जरा लांब आहे पण ते नीट वाचा कारण निम्म्या लोकांचा प्रश्न त्यातच आहे.

ताई नमस्कार, मी ६८ वर्षांचा रिटायर्ड माणूस, दादरला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. फायबरचा डबा दाराजवळ हॉलमध्ये आहे, भिंती जुन्या आणि जाड आणि मध्ये लोखंडी कपाट, त्यामुळे मागच्या खोलीत नेट येत नाही आणि नातीचे क्लास तिथेच चालतात. टीव्हीसाठी हॉलमधून मागे एक नेटची वायर आधीच टाकलेली होती, मुलाने त्याचा जुना राऊटर दिला, मी ती वायर त्याच्या निळ्या पोर्टला लावली तर मागे नेट आलं पण हॉलमधला प्रिंटर नातीच्या लॅपटॉपला दिसेना. मग वरच्या मजल्यावरच्या मुलाने तीच वायर पिवळ्या पोर्टला लावून दिली, तेव्हापासून सगळ्या घराचंच नेट येतं-जातं, कधी फोनला चालतं कधी नाही. नक्की काय चुकतंय?

काका, अवघड काम तुमच्याकडे झालेलंच आहे, मागच्या खोलीपर्यंत वायर पोचलीय, लोक त्यासाठीच भिंती फोडतात. चुकतंय एवढंच की तुमच्या घरात आता पत्ते वाटणारे दोघं झालेत.

म्हणजे काय ते सांगते. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, प्रिंटरला एक पत्ता लागतो, १९२.१६८ ने सुरू होणारा तो आकडा तुम्ही पाहिला असेल. हे पत्ते राऊटर वाटतो, त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. हॉलमधला डबा हे काम करतोच आहे. मुलाने दिलेला राऊटरसुद्धा मुळात घरप्रमुख म्हणूनच बनवलेला, त्यामुळे चालू केला की तोही आपले पत्ते वाटायला बसतो. रमीच्या डावात दोघांनी दोन कॅटमधून पाने वाटली तर जे होईल तेच तुमच्या नेटचं झालंय. ज्या फोनला हॉलच्या डब्याने पत्ता दिला तो चालतो, ज्याला मागच्याने दिला तो बाहेर जायचा रस्ता मागच्यालाच विचारत बसतो आणि त्याच्याकडे रस्ताच नाही. त्यात दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला, जो फार डब्यांवर असतो, तर मग विचारायलाच नको.

आणि आधी निळ्या पोर्टला लावल्यावर प्रिंटर का दिसत नव्हता? बऱ्याच डब्यांवर निळं म्हणजे वॅन पोर्ट, बाहेरचं जग त्या बाजूला, आणि पिवळी म्हणजे लॅन, घरातली बाजू. वायर तिथे गेली की मागचा राऊटर समजतो की हॉल हे बाहेरचं जग आणि मागची खोली हे माझं वेगळं घर. लॅपटॉप प्रिंटर शोधतो तो हाक मारून, चाळीत गॅलरीतून मारतात ना तशी, आणि ती हाक त्याच मजल्यापुरती ऐकू जाते. मजले दोन झाले, हाक पोचली नाही.

तर आता करायचं काय. आधी मागच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नावाचं काही आहे का बघा, म्हणजे वायरने आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवायचं काम, गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच राऊटरमध्ये असतं. ते असेल तर तेच निवडायचं, सेव्ह करायचं, डबा रिस्टार्ट होतो आणि पत्ते वाटणं वगैरे सगळं आपोआप सोडून देतो, मग वायर निळ्याला लावलीत तरी चालते. संपलं काम.

नसेल तर हाताने करायचं, अर्धा तास लागतो. मागच्या राऊटरची हॉलकडून येणारी वायर काढून टाका, म्हणजे तो एकटा पडेल. मागे छोट्या भोकात रिसेटचं बटण असतं, डबा चालू ठेवून सेफ्टी पिनेने ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडा, मुलाच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात. आता नातीचा लॅपटॉप छोट्या वायरने त्याच्या पिवळ्या पोर्टला जोडा आणि डब्याच्या पोटाखाली स्टिकरवर जो पत्ता आणि पासवर्ड छापलाय तो ब्राउझरमध्ये टाका. पहिलं वायफायचं नाव आणि पासवर्ड ठेवा, हॉलमध्ये जे आहे तेच, अक्षरन् अक्षर तेच, म्हणजे खोली बदलली की फोन आपणहून इकडचा तिकडे होतो. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-टू एईएस निवडा, डब्ल्यूपीए-थ्री असेल तर दोन्ही एकत्र चालणारं निवडा. त्या डब्यात नुसतं डब्ल्यूईपीच असेल तर मात्र तो भंगारात द्या, ते कुलूप केव्हाच मोडलेलं आहे.

मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन डब्याचा स्वतःचा पत्ता बदला. हॉलचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच. पण त्याआधी हॉलच्या डब्यात जाऊन तो कुठपासून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते पाहा, २५४ पर्यंत वाटत असेल तर २०० वर थांबवा, नाहीतर एखाद्या दिवशी तो २५० नंबर पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होईल. पत्ता बदलला की पान बंद पडतं, घाबरू नका, लॅपटॉपची वायर काढून परत लावा आणि नव्या पत्त्यावर जा. आता सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. हे शेवटीच करायचं कारण ते बंद झालं की तो डबा लॅपटॉपला पत्ता देणार नाही आणि तुम्ही बाहेर अडकाल.

आता हॉलहून आलेली वायर पिवळ्या पोर्टला लावा, ट्क असा आवाज आला पाहिजे, हॉलच्या बाजूलाही ती लॅनमध्येच हवी. मागचं निळं पोर्ट रिकामं, त्यावर मी तर चिकटपट्टी लावून टाकते म्हणजे सफाई करताना कोणी चुकून त्यात वायर खुपसत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाने पोर्ट बरोबरच निवडलं होतं हो, फक्त डीएचसीपी बंद करायचं राहिलं.

राहिला चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या पट्टीत बोलतं ती. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. हॉलला १ दिला तर मागे ६ किंवा ११ द्या, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, दादरच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांचीच दहा-पंधरा नावं दिसत असणार. पाच गीगाहर्ट्झ असेल तर एकीकडे ३६ दुसरीकडे १४९. आणि ते लोखंडी कपाट, मागचा डबा त्याच्यावर किंवा त्याच्यामागे ठेवू नका, पत्रा म्हणजे वायफायला भिंतीपेक्षा वाईट.

रिपीटर, मेश आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यात घ्यायचं काय? दुकानदार रिपीटर घ्या म्हणतो, सॉकेटला लावला की झालं. बोरिवली, टू बीएचके.

वायर टाकता येत असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट, यात मला कधीच शंका वाटली नाही. रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, दोन्ही एकदम होत नाही, म्हणून साध्या रिपीटरमागे स्पीड साधारण निम्मा होतो, आणि तो लावतात कुठे तर जिथे रेंज आधीच मेलेली आहे तिथे, मग तो मेलेलीच रेंज पुढे पाठवतो. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, चांगलं, पण त्या डब्यांना आपसात वायरने जोडलंत तर खरं चांगलं, आणि तेव्हा ते अ‍ॅक्सेस पॉइंटसारखंच काम करतात. भाड्याचं घर आहे, मालक खिळासुद्धा मारू देत नाही अशी गत असेल तर मेश घ्या. नाहीतर केसिंग पट्टीतून कडेकडेने वायर न्या, रंग मारल्यावर दिसतही नाही.

ताई, आम्ही लालबागचे. आमच्या मंडळाच्या ऑफिसच्या वर अभ्यासिका आहे, ४० मुलं बसतात, एमपीएससी आणि सीएवाली. १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, खाली घरगुती राऊटर. सकाळी नीट चालतं, दुपारनंतर नवीन येणाऱ्या मुलाला कनेक्टच होत नाही, आणि ज्यांचं आहे त्यांचं अडकत चालतं. वर एक वायर आणायची तयारी आहे, कार्यकर्ते काम करतील, फक्त नेमकं काय घ्यायचं ते सांगा.

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलांसाठी आपल्याकडच्या मंडळांनी अभ्यासिका चालवल्यात याचा मला फार अभिमान आहे, म्हणून हे उत्तर जरा खोलात देते.

दुपारी नवीन मुलाला का लागत नाही याचं कारण बहुधा पत्तेच संपतात. ४० मुलं, प्रत्येकाचा फोन आणि कित्येकांचा लॅपटॉप म्हणजे ७०-८० पत्ते, शिवाय सकाळी येऊन गेलेल्यांचे पत्ते राऊटर त्यांच्या नावावर धरून ठेवतो, बऱ्याच डब्यांत चोवीस तास. तुमच्या राऊटरची रेंज १०० ते १९९ असेल तर शंभरच पत्ते झाले. ती १० ते २४० करा आणि लीज टाइम नावाचं सेटिंग दोन-तीन तासांवर आणा. यात एक रुपयाही लागत नाही, हे आजच करा.

अडकत चालण्याचं कारण वेगळं. घरगुती डबा दहा-पंधरा फोनसाठी ठीक, ७० जण एकाच वेळी बोलायला लागले की प्रत्येकजण आपली पाळी यायची वाट पाहतो, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे गप्प. म्हणून वर दोन अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, हॉलच्या दोन टोकांना, छतावर, आणि मुलांना २.४ ऐवजी पाच गीगाहर्ट्झवर आणा. आपल्या देशात ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गीगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना मोकळा झाला, तिथे जागा भरपूर आहे आणि लालबागच्या दाटीत हाच सगळ्यात मोठा फायदा. पाच गीगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं पण तुमचा तर एकच हॉल आहे. रुंदी ४० ठेवा, ८० चा मोह नको, दोन डब्यांना चॅनेल वेगवेगळे हवेत.

छतावर प्लग नसतो म्हणून पीओई, म्हणजे नेटच्याच वायरमधून वीज. खाली राऊटरजवळ एक छोटा पीओई स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करून त्यांतून वीजही देणारा डबा, ठेवायचा, राऊटरच्या लॅनमधून एक वायर स्विचला, स्विचमधून दोन वायरी वर. तयारी एका वायरची होती, तिथे दोन ओढा, तेवढ्याच घामात होतं. घेताना डब्यावर ८०२.३एएफ किंवा एटी लिहिलेलं बघा. एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, एटीमध्ये ३०, आणि स्विचचा एकूण आकडाही बघा कारण आठ पोर्ट असले म्हणून आठही पोर्टला पूर्ण वीज मिळते असं नाही. २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर स्वस्तात मिळतात, ते समोर कोण आहे हे न विचारताच वीज ढकलतात, ज्या डब्यासोबत आले त्यालाच लावायचे, दुसऱ्याला नाही.

वायर मात्र शुद्ध तांब्याची घ्या. लॅमिंग्टन रोडला गेलात तर बंडल हातात घेऊन बघा, संशय येण्याइतकं हलकं लागलं तर आतली तार ब्लेडने खरवडा, वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. अशा तारेतून वीज नेली की ती जास्त तापते आणि वाकवली की आतल्या आत तुटते. कॅट सिक्स घ्या, कॅट फाइव्ह-ई शुद्ध तांब्याची मिळाली तरी तुमच्या अंतराला पुरेल.

दोन गोष्टी अजून. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावू शकत नाही. आणि घरगुती प्लॅन अभ्यासिकेला चालतो का हे नेटवाल्याला आधी विचारून घ्या, गणपतीच्या तोंडावर कनेक्शन कापलं गेलं तर मुलांचे हाल. त्या दहा दिवसांत ऑफिसमध्ये माणसांचा राबता असतो, स्विच उंचावर खोक्यात ठेवा आणि लोंबती रिकामी वायर ठेवू नका. मी एका ठिकाणी गेले होते तिथे सगळं नेट ठप्प होतं, दोन तास शोधल्यावर सापडलं की कोणीतरी टापटीप म्हणून लोंबणाऱ्या वायरचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. तोच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि स्विच त्यातच बुडून जातो. वायर काढली, मिनिटाभरात सगळं चालू.

प्लॅन २०० चा आहे पण वायरने लॅपटॉप लावला तरी ९४ च्या वर जात नाही. नेटवाला म्हणतो तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम. मुलुंड.

९४ हा आकडाच सांगतोय की मधे कुठेतरी १०० ची जोडणी झालीये, १०० मधून वरखर्च वजा जाता साधारण एवढंच हातात येतं. नेटच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० साठी दोनच जोड्या लागतात, हजारासाठी चारही. त्यामुळे बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि कोणाला कळतही नाही. टोकाचं पारदर्शक प्लग उजेडात धरून बघा, आठही तारा अगदी टोकाला भिडल्यात का, आणि क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा दोन्ही टोकांना आहे का. मुंबईत जवळपास सगळे हाच क्रम लावतात. एखादी तार आखूड राहिलेली दिसली तर टोक कापून नवीन क्रिम्प करून घ्या. तार ठीक असेल तर राऊटरचे पोर्ट १०० चेच आहेत का ते तपासा, स्वस्त राऊटरमध्ये अजूनही तसेच येतात, आणि लॅपटॉपचं पोर्टही बघून घ्या म्हणजे नेटवाल्याचं बोलणं तिथल्या तिथे खरं-खोटं होईल.

शेजारी पासवर्ड मागतात, नाही म्हणवत नाही. रोज रोज सांगण्यापेक्षा पासवर्डच काढून टाकला तर काय बिघडतं? चेंबूर.

काढू नका, कृपा करून काढू नका, आणि तुम्ही चेंबूरच्या आहात म्हणून मुद्दाम सांगते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी जो धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून, आणि त्याच सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. दोन्ही वेळा ज्यांचं कनेक्शन त्यांचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्यांच्याच दारात आले, कारण बाहेरच्या जगाला पत्ता तुमच्या कनेक्शनचाच दिसतो.

शेजारधर्म पाळायचाय तर गेस्ट नेटवर्क चालू करा, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि महिन्याने तो बदला. स्वतःच्या नेटवर्कवर डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडायची सोय, बंद ठेवा. आणि अ‍ॅक्सेस पॉइंट लावला असेल तर दोन्ही डब्यांचे आत शिरायचे पासवर्ड बदला, स्टिकरवरचे तसेच ठेवू नका. एक लक्षात घ्या, जुना राऊटर हाताने अ‍ॅक्सेस पॉइंट केला असेल तर त्याचं गेस्ट नेटवर्क बहुतेक वेळा खरं वेगळं राहत नाही, पाहुणे तुमच्याच घरात शिरतात, म्हणून गेस्ट मुख्य डब्यावरच ठेवा.

आमची सोसायटी कांदिवलीला, ए विंगमध्ये सोसायटी ऑफिसचं नेट आहे, ते सी विंगच्या खाली जिममध्ये न्यायचंय. गच्चीवरून वायर टाकली होती, १३० मीटर झाली, कधी चालायची कधी नाही, आणि मागच्या पावसाळ्यात विजा झाल्या त्या रात्री दोन्हीकडचे स्विच जळाले. आता परत तेवढाच खर्च करायचा का? सेक्रेटरी.

सेक्रेटरी साहेब, तशीच वायर परत नका टाकू. एक तर तांब्याच्या नेटच्या वायरची हद्द १०० मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या वायरीही आल्या, १३० ला ती चालली हेच पुष्कळ. पण खरा धोका विजेचा. वीज थेट अंगावर पडायची गरज नसते, जवळ कुठेही पडली की गच्चीवरच्या लांब तांब्यात झटका येतो, शिवाय दोन बिल्डिंगांचं अर्थिंग वेगवेगळं, त्यातला फरकही त्याच वायरीतून वाहतो. स्विच गेले, माणूस वाचला म्हणायचं.

दोन विंगांच्या मध्ये फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही आणि १३० मीटर म्हणजे फायबरला काहीच नाही, सिंगल मोड कित्येक किलोमीटर जातं. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर यांच्यातले दुभाषे, जोडीने घ्या, ए विंगच्या ऑफिसात राऊटरच्या लॅनमधून छोटी वायर कन्व्हर्टरला, तिकडे जिममध्ये कन्व्हर्टरमधून अ‍ॅक्सेस पॉइंटला. घरात फायबर आणून देणारी मुलं हे काम करतात, जोडाचं मशीन त्यांच्याकडे असतं. बाहेरच्या फायबरला आधारासाठी बरेचदा स्टीलची तार असते, ती आत आणायची नाही, भिंतीबाहेर सोडवून कापायची, नाहीतर परत विजेला रस्ता मिळाला. वळणावर करकचून वाकवू देऊ नका, वाटीएवढा गोल तरी राहू दे.

जिममधला अ‍ॅक्सेस पॉइंट मोठ्या आरशामागे लावू नका, आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो आणि जिममध्ये आरसे भिंतभर असतात. आणि जूनच्या आधी काम उरकायचं असेल तर एक स्वतः उभं राहून बघा, केबल भिंतीच्या भोकातून सरळ आत घालू देऊ नका, भोकाच्या खाली वीतभर उतरवून मग वर वळवून आत घ्यायला सांगा. पावसाचं पाणी केबल धरून येतं, त्या खालच्या वळणावर थेंब साठतो आणि तिथूनच खाली गळतो, आत येत नाही.